निजलेला शत्रु आणि मुळांची हांक

आषाढी एकादशीस देव शयन करितात व कार्तिकींत जागे होतात, हें आपल्या घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असतें. त्या चातुर्मासांत कांदा व वांगें वर्ज्य असलें, तरी उपासाच्या ताटांत बटाटा मात्र हक्कानें येतो. या बटाट्याच्या मुळांवर जगणारा एक कृमि आहे. त्याचें शयन चार महिन्यांचें नसून कधीं कधीं २० वर्षांपर्यंत लांबतें, आणि त्याची प्रबोधिनी पंचांगांत लिहिलेली नसते. ती बटाट्याच्या मुळांच्या हातीं असते. या कृमीविषयीं व त्याच्या एका भाऊबंदाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं या महिन्यांत योजिलें आहे.

हा शेतकऱ्यांचा विषय, आपल्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु पुण्याच्या घरांत जो टोमॅटो चिरला जातो, त्याचा मोठा बाजार जुन्नर तालुक्यांत नारायणगांवीं भरतो, आणि आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारावर पावसाळी बटाटा पिकतो. शिवाय कित्येक कुटुंबांची वडिलोपार्जित जमीन त्या बाजूस असते. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभें हीं कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, आणि ज्या शेतांना कालव्याचें पाणी मिळालें त्यांना वैशाखाची सक्तीची विश्रांति उरली नाहीं. एका भाजीमागून दुसरी भाजी निघूं लागली. हें शेतकऱ्याच्या भाग्याचें झालें. पण जमिनींतल्या कृमीचेंहि भाग्य त्याबरोबरच उघडलें.

या प्राण्यांस सूत्रकृमि म्हणतात. नुसत्या डोळ्यांस न दिसणारे, दोऱ्याच्या तुकड्यासारखे हे जीव असतात. आपल्याकडे टोमॅटो, वांगीं, भेंडी, काकडी या पिकांना जो पीडितो, तो मुळांवर गांठी आणणारा सूत्रकृमि होय. पाणी भरपूर असूनहि झाड दुपारीं मान टाकतें, पानें पिंवळीं पडतात. झाड उपटून पाहावें तों मुळें गांठाळलेलीं आढळतात. मादी मुळांतच ठाण मांडून बसते व चिकट लाळेसारख्या गोळ्यांत शेंकडों अंडीं घालते. ऊब आणि ओल मिळाली कीं त्यांतून पिलें निघूं लागतात. ऊन हवेंत महिन्याभरांत नवी पिढी तयार होते. या कृमीची झोप सावध आहे. ऊब व ओल एवढ्यानेंच तो जागा होतो. तो कोणाच्या आमंत्रणाची फारशी वाट पाहत नाहीं.

बटाट्याच्या कृमीची तऱ्हा निराळी. त्याची मादी मरतांना आपल्याच कातडीची कठीण डबी करिते, आणि तींत २०० ते ५०० अंडीं सांभाळलेलीं राहतात. प्रत्येक अंड्यांत पूर्ण घडलेलें पिलूं वेटोळें घालून पडलेलें असतें. त्याच्या भोंवतीं ट्रेहॅलोज नांवाच्या साखरेचा द्रव असतो. आवळा पाकांत घातला म्हणजे वर्षभर टिकतो, हें आपल्या गृहिणींना सांगावयास नको. हा कृमिहि तशाच पाकांत काळ कंठितो. बाहेर दुष्काळ पडो कीं हिंवाळा येवो, त्याला त्याची खबर नसते.

मात्र जवळपास बटाट्याचें अगर त्याचें भावंड जें टोमॅटो त्याचें मूळ वाढूं लागलें, कीं मुळांतून पाझरणारीं कांहीं द्रव्यें ओलीबरोबर अंड्यापर्यंत पोंचतात. अंड्याचें कवच सैल होतें, साखर बाहेर झिरपते, पाणी आंत शिरतें, आणि पिलूं वळवळूं लागतें. जुन्नरजवळ खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशांतील अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकत उभ्या आहेत. मातींतलें हें अंडें त्याच जातीचें काम करितें. त्याला मात्र एकाच कुळाची हांक ऐकूं येते.

या निद्रेचेहि दोन प्रकार आहेत. पहिली कुंभकर्णाची: मुदत भरेपर्यंत हांका मारा, ढोल वाजवा, उपयोग नाहीं. नव्या अंड्यांची पहिल्या ऋतूंतील झोप अशी असते. दुसरी बाळंतिणीची: घरांत कितीहि गलबला होवो, ती जागी होत नाहीं, पण तान्हें कुरकुरलें कीं डोळा उघडतो. ही झोप म्हणजे नुसती जडता आहे, असें आपणांस वाटेल. परंतु २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत या दोन्ही प्रकारच्या अंड्यांतील जनुकांची हालचाल मोजण्यांत आली. जनुकें म्हणजे प्रत्येक जीवाच्या पेशींत लिहिलेल्या आज्ञा. त्यांपैकीं कोणत्या वेळीं कोणत्या वाचावयाच्या, यावर त्याचें वागणें ठरतें. नुसतें पाणी दिलें असतां या दोन निद्रांतील अंड्यांत दोन हजारांहून अधिक जनुकांचें वर्तन भिन्न आढळलें. पाण्यानंतर टोमॅटोच्या मुळांचा अर्क दिला, तेव्हां हा भेद हजाराच्या आंत आला. तात्पर्य, वरून सारख्याच दिसणाऱ्या या दोन निद्रा आंतून वेगळ्या आहेत, आणि मुळांची हांक त्यांना एकमेकींच्या जवळ आणते.

हें ज्ञान कामाचें कसें, तें आतां पाहूं. निजलेल्या अंड्यावर विष टाकून फारसें साधत नाहीं. कवच त्याचें रक्षण करितें. पण किल्ली ओळखली, तर दार आपल्या सोयीनें उघडतां येतें. बटाट्याच्या कृमीला जागें करणारें सोलॅनोएक्लेपिन हें द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनीं २०११ सालीं प्रयोगशाळेंत घडविलें. पीक नसतांना हांक मारावी, पिलें बाहेर यावींत आणि अन्नावांचून मरावींत, असा हा बेत. हॉलंडांत याच कामासाठीं वांग्याच्या कुळांतील एक कांटेरी झाड लावतात. तें कृमीला उठवितें, पण वाढूं देत नाहीं.

हा बटाट्याचा कृमि थंड हवेचा. १९६१ सालीं तो निलगिरींत सांपडला. पुढें हिमालयाच्या उतारांवरहि आढळल्यामुळें २०१८ सालीं हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व जम्मू-काश्मीर येथील बटाट्याचें बेणें बाहेर नेण्यास सरकारनें बंदी घातली. पठारावरील शेतकरी बेणें बाहेरूनच आणितात. एकदां ही डबी मातींत पडली, तर नातवंडांच्या काळींहि ती उघडूं शकते. म्हणून बेणें व त्याला चिकटलेली माती कोठून आली, हें विचारण्याचा संकोच धरूं नये.

आपल्या गांठींच्या कृमीची झोप सावध आहे, हें त्याचें बळ व तोच त्याचा दुबळेपणा. पीक निघाल्यावर जुनीं मुळें शेतांत न ठेवतां उपटून जाळावीं. वैशाखांत खोल नांगरून जमीन कोरडी तापूं द्यावी. फेरपालटांत दसऱ्याच्या झेंडूचें सबंध पीक घ्यावें. बांधावर चार झाडें लावून भागत नाहीं. कृमीला दाद न देणाऱ्या टोमॅटोच्या जाती आहेत खऱ्या, पण जमीन २८ अंशांहून अधिक तापली कीं त्यांचें तें बळ ओसरूं लागतें. दख्खनच्या उन्हाळ्यांत केवळ त्यांवर विसंबणें बरें नव्हे.

ज्यांचें शेत वाट्यानें दिलेलें आहे, त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वर्षांतून एक हंगाम जमिनीला विश्रांति द्यावयाची, तर त्या हंगामाचें उत्पन्न बुडतें, आणि तें नुकसान एकट्या कसणाऱ्यानें सोसावें हा न्याय नव्हे. मालकानें आपला वाटा तेवढा सोडावा. पुढच्या खेपेस गांवीं जाल, तेव्हां हिशेब पाहण्यापूर्वीं टोमॅटोचें एक झाड उपटून त्याचीं मुळें पाहा. आणि मुलांनाहि दाखवा.