उपयोग काय त्याचा?

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत एक तरी गृहस्थ असा असतो, की ज्याला प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारण्याची खोड असते. आमच्या घरी हे पद गेली कित्येक वर्षे माझ्या मेहुण्यांकडे आहे. भाऊबीजेच्या रात्री आम्ही सामान्यज्ञानाचा खेळ मांडतो. दोन बाजू पाडायच्या, आळीपाळीने प्रश्न घालायचे आणि हरणाऱ्यांनी सगळ्यांची ताटे घासायची. खेळ रंगात आला की मेहुणे चकली मोडता मोडता म्हणतात, "हे सारे ठीक आहे हो, पण उपयोग काय त्याचा? शिवाय आता खिशातला फोन सगळे सांगतो."

आजवर मी त्यांना तोंडी उत्तरे दिली. यंदा लेखी देतो.

इंग्रजीत असल्या किरकोळ ज्ञानाला 'ट्रिव्हिया' म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे तिठा, तीन वाटा मिळतात ती जागा. तिठ्यावरचे म्हणजे सामान्य, क्षुल्लक, अशी त्या शब्दाची पुढे अधोगती झाली. पण वाचकहो, तिठ्यावरच माणसे थांबतात, परक्याला हटकतात, चार गोष्टी विचारतात. सरळ रस्त्याने जाणारा कोणाला काय विचारणार?

१९५१ साली आयर्लंडात शिकारीला गेलेल्या सर ह्यू बीव्हर यांची एका प्लोव्हर पक्ष्यावरची गोळी हुकली. मग युरोपातला सर्वांत वेगवान शिकारीचा पक्षी कोणता, यावर वाद जुंपला. पुस्तके चाळली, उत्तर सापडेना. त्या निरुपयोगी वादातून १९५५ साली गिनीजचे विक्रमांचे पुस्तक निघाले. मेहुणे म्हणतील, "पाहा, पुस्तक खपले, म्हणजे उपयोग झालाच!" म्हणून हे उदाहरण मी परत घेतो. २००० साली आपल्या मुंबईच्या हर्षवर्धन नवाथ्यांनी 'कौन बनेगा करोडपती'मध्ये एक कोटी जिंकले, तेही मी पुढे करणार नाही. पैशाने ज्याची किंमत पटते, त्याला हा खेळ पटलेला नसतो.

फोनचे म्हणाल, तर त्याला उत्तर येते हे मान्य. पण उत्तर आले की वाद संपतो, आणि आम्हांला तर तो लांबवायचा असतो! प्रश्न आणि उत्तर यांच्या मधला जो अर्धा तास, त्यातच माझ्या भावाची घमेंड, वहिनींची अनपेक्षित हुशारी आणि आईचे ठाम अज्ञान बाहेर पडते. एवढे मात्र कबूल करतो, की आपली माहिती दुसऱ्याच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकणारे काही लोक या खेळात असतात. तरुणपणी मी त्यांतलाच होतो.

पण मेहुण्यांवर माझा खरा राग नाही. राग आहे तो या खेळालाच उपयोगाच्या घाण्याला जुंपणाऱ्यांवर. माझा पुतण्या दहा वर्षांचा असताना प्रश्न विचारून आम्हांला सुखाने जेवू देत नसे. पुढे तो स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला लागला. तीन वर्षे झाली. आज त्याला आम्हां सर्वांहून अधिक माहिती आहे. पण चार पर्याय दिल्याखेरीज तो बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला खेळायला बोलावले, तर म्हणाला, "काका, हे अभ्यासक्रमात नाही." ज्या मुलाला मोराच्या पिसाचे अप्रूप होते, त्याने ते पुस्तकात खूण म्हणून घालावे आणि विसरून जावे, तसे झाले.

गेल्या भाऊबीजेला मी प्रश्न टाकला, "एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतल्या कोणत्या जिनसा ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी या देशात होत्या?"

आई म्हणाली, "सगळ्या! उपासाचे पदार्थ आहेत ते."

मग सुरू झाली पडझड. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो मूळ दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा आणि हिरवी मिरचीही तिकडचीच. ज्ञानदेवांनी समाधी घेतली १२९६ साली. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये आणि वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. ही मंडळी इकडे येऊ लागली ती त्यानंतर. उरले तूप, जिरे आणि मीठ.

"मग मी रताळी खाईन," आई म्हणाली.

"तीही तिकडचीच."

"राजगिरा?"

"तोही!" मेहुणे ओरडले. त्यांनी ताटाखाली फोन लपवून पाहिले होते. दंड म्हणून त्यांच्या बाजूचा एक गुण कापला, तर ते खरोखरच भांडायला उठले.

आईचा चेहरा उतरला. साठ वर्षांच्या एकादश्या एका रात्रीत बाटल्या होत्या. एवढ्यात कोपऱ्यातून पुतण्याचा आवाज आला. त्याला कोणी पर्याय दिले नव्हते.

"आजी, वरी मात्र आपली हं. इथल्याच मातीतली, फार जुनी."

"बघा!" आई म्हणाली, आणि तिने त्याला आपल्या बाजूला ओढून घेतले. त्या रात्री ताटे मेहुण्यांनी घासली.