वाळवंटातील शहरे आणि येरवड्याचा नळ

येरवडा (पुणे) : पुणे-नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस महात्मा गांधींच्या १९४२ ते १९४४ या काळातील स्थानबद्धतेमुळे आणि कस्तुरबांच्या समाधीमुळे साऱ्या देशाला परिचित आहे. या वास्तूच्या जन्मामागे मात्र दुष्काळ होता, ही बाब फारशी चर्चेत येत नाही. परिसरातील दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे, या हेतूने तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये हा प्रासाद उभारला. पुढे सुमारे चार दशकांनी, १९२९ मध्ये, जोधपूरच्या महाराजा उमेदसिंहांनी त्याच कारणासाठी एक अवाढव्य राजवाडा बांधायला घेतला. दुष्काळी काम म्हणून सुरू झालेले ते उमेद भवन १९४३ मध्ये पूर्ण झाले. पाण्याने पाठ फिरवली की माणसांना जगविण्यासाठी दगडावर दगड रचावे लागतात, हा अनुभव मारवाडने आणि मुळा-मुठेच्या काठाने सारखाच घेतला आहे.

हे साम्य आजही संपलेले नाही. राजस्थानातील प्रमुख शहरांची गेल्या शतकातील वाटचाल तपासली, तर येरवडा, धानोरी, लोहगाव, खराडी आणि वाघोली या पुण्याच्या पूर्व भागासमोर उभे असलेले प्रश्न तेथे आधीच येऊन गेल्याचे दिसते. म्हणूनच या मरुभूमीतील शहरांकडे केवळ पर्यटकाच्या नजरेने न पाहता, पाण्याच्या अंगाने पाहण्याची आवश्यकता आहे.

टाक्यांवर वसलेली शहरे

३,४२,२३९ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे राजस्थान हे देशातील सर्वांत मोठे राज्य. देशाच्या भूभागाचा दहावा हिस्सा त्याच्याकडे असला, तरी भूपृष्ठावरील पाण्याचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. अरवलीची रांग या राज्याचे दोन भाग करते. पूर्वेकडील जयपूर, कोटा, उदयपूर या शहरांना पाऊस, नद्या वा तलावांचा काहीसा आधार आहे. पश्चिमेकडे मात्र थरचे वाळवंट पसरले असून जोधपूर, बिकानेर, जैसलमेर आणि बारमेर ही शहरे त्याच्या कुशीत वा काठावर वसली आहेत.

ही शहरे आजची नव्हेत. जैसलमेर ११५६ मध्ये रावळ जैसलने, जोधपूर १४५९ मध्ये राव जोधाने, तर बिकानेर १४८८ मध्ये राव बिकाने वसविले. त्या काळी ना कालवे होते, ना पंप. वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या जैसलमेरला चौदाव्या शतकातील गडीसर तलावाने शतकानुशतके पाणी पाजले. जोधपुरात किल्ल्याखालच्या खडकाळ उतारावरून वाहणारे पाणी तलावांत आणि झालऱ्यांत, म्हणजे पायऱ्यांच्या बारवांत, साठविले जाई. घराच्या अंगणातले टाके, तलावाचा आगोर, म्हणजे पाणलोट, स्वच्छ राखण्याचे कडक संकेत आणि पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब, या तीन गोष्टींवर ही नगरे टिकली. या परंपरेचा शोध घेऊन ती हिंदी वाचकांपुढे मांडणारे अनुपम मिश्र यांचा जन्म वर्ध्याचा, हा महाराष्ट्राशी जुळणारा एक लक्षणीय धागा होय.

पुण्यालाही अशी परंपरा होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळांनी शहरात पाणी आणले गेले आणि पेठांतील हौद भरले गेले. एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याजवळ नदीवर बंधारा बांधण्यात आला. बंडगार्डन हे नाव त्या बंधाऱ्यावरूनच पडले. आज त्या बंधाऱ्याजवळून जाणारे पाणी कोणी पिण्याचा विचारही करू शकत नाही. शहरातून जाणारी नदी असून तिचे पाणी पिता येत नाही आणि दूरच्या धरणावर अवलंबून राहावे लागते, हे वाळवंटाचेच एक रूप म्हणावे लागेल.

हिमालयाचे पाणी जोधपूरच्या नळाला

विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० मधील दुष्काळ राजस्थानात ‘छप्पनिया’ या नावाने आजही ओळखला जातो. त्या आघातानंतर बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सतलजचे पाणी आपल्या संस्थानात आणण्याचा ध्यास घेतला. १९२७ मध्ये गंग कालवा सुरू झाला आणि ओसाड मुलुखात आजचे श्रीगंगानगर हे शहर व त्याभोवतीचा सधन शेतीचा पट्टा उभा राहिला. अभियंते कंवर सेन यांच्या कल्पनेतून पुढे आलेल्या राजस्थान कालव्याचा पायाही १९५८ मध्ये याच दिशेने घातला गेला. पंजाबातील हरिके येथून निघणारा आणि आता इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जाणारा हा जलमार्ग सुमारे साडेसहाशे किलोमीटर लांब आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे पाणी जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. उपसा कालव्याच्या साह्याने ते पुढे जोधपूरलाही मिळू लागले.

या पाण्याने पश्चिम राजस्थानचे जगणे पालटले, हे निर्विवाद आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. नळ आल्यावर जोधपूरकरांनी जुन्या झालऱ्या आणि विहिरींतून पाणी उपसणे सोडले. परिणामी शहराच्या जुन्या भागात भूजल वर चढू लागले आणि वाळवंटाच्या वेशीवरील या शहरात तळघरांमध्ये पाणी साचू लागले. ते उपसून काढण्यासाठी यंत्रणा राबवावी लागली. कालव्याच्या वरच्या टप्प्यात, हनुमानगढच्या परिसरात, अतिसिंचनामुळे जमिनी पाणथळ झाल्या. दुसरीकडे, देखभालीसाठी कालवा बंद ठेवण्याचे दिवस आले की ऐन उन्हाच्या तोंडावर शहरांत पाणीकपात लागू करावी लागते.

लांबून आणलेल्या पाण्याबरोबर लांबचे राजकारणही येते. रावी-बियासच्या पाण्याविषयीचे करार रद्द करणारा कायदा पंजाब विधानसभेने २००४ मध्ये संमत केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याविरोधात मत दिले असले, तरी वाद शमलेला नाही. जोधपूरच्या गृहिणीच्या हंड्याचे भवितव्य चंदीगडमधील निर्णयांशी जोडले गेले आहे, असाच त्याचा अर्थ आहे.

रामगढची कहाणी

जयपूरचे उदाहरण पुण्याला अधिक जवळचे आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये आखीवरेखीव नगररचनेसह वसविलेले हे शहर आणि पुणे यांचा आकार जवळपास सारखा आहे. २०११च्या जनगणनेनुसार जयपूर शहराची लोकसंख्या ३० लाख ४६ हजार, तर पुणे महापालिका क्षेत्राची ३१ लाख २४ हजार इतकी होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पूर्ण झालेल्या रामगढ धरणाने जयपूरची तहान अनेक दशके भागविली. १९८२च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील नौकानयनाच्या शर्यती याच जलाशयात झाल्या होत्या. पुढे दोन दशकांतच हा जलाशय कोरडा पडला. पाणलोट क्षेत्रातील बांधकामे, अतिक्रमणे आणि ओढ्यांवरील अडथळे यांमुळे पाऊस पडूनही पाणी धरणापर्यंत पोहोचेनासे झाले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी गेलेले पाणी परतले नाही.

जयपूरने मग टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरील बिसलपूर धरणाकडे हात पसरला. अजमेरही त्याच धरणावर विसंबून आहे. स्वतःचा बाराव्या शतकातील आनासागर असूनही त्या शहराची तहान दूरच्या जलाशयावर भागते. परंतु बिसलपूरच्या पाण्यावर टोंकच्या शेतकऱ्यांचाही दावा होता. जून २००५ मध्ये सोहेला येथे या मागणीसाठी झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जणांचा बळी गेला.

महाराष्ट्रातील वाचकाला ही घटना परकी वाटू नये. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला. त्यात तिघे मृत्युमुखी पडले. टोंक आणि मावळ यांच्या भूगोलात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक कोरडा, तर दुसरा मुसळधार पावसाचा. तरीही दोन्ही ठिकाणी वादाचे मूळ एकच होते. धरण ज्यांच्या जमिनीवर बांधले, त्यांना न विचारता पाणी शहराकडे वळविले जात होते.

कोट्याची वाघिण, लातूरचे पाणी

पाण्याची टंचाई टोकाला गेली की राजस्थानात रेल्वे धावते. वस्त्रोद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या भिलवाड्याने चंबळचे पाणी येण्यापूर्वी अनेक वर्षे रेल्वेच्या पाण्यावर दिवस काढले. पालीची कथा तर अधिक विलक्षण आहे. पाली जिल्ह्यातील जवाई धरण संस्थानी काळात हाती घेतले गेले, ते जोधपूरला पाणी देता यावे म्हणून. एप्रिल २०२२ मध्ये जवाईने तळ गाठल्यावर जोधपूरहून पालीकडे पाण्याची रेल्वे सोडावी लागली. जे शहर पाणी घेत होते, तेच हिमालयातून आलेले पाणी दात्याला परत पाठवू लागले.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली रेल्वे महाराष्ट्र विसरलेला नाही. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. त्या वाघिणी धुऊन, स्वच्छ करून आल्या होत्या, त्या राजस्थानातील कोटा येथून. मराठवाड्याच्या तहानेसाठी वाळवंटाच्या राज्याकडून साधने मागवावी लागली, यातील उपरोध कोणाही जाणत्याच्या ध्यानी यावा.

अर्थात, वाळवंटात केवळ तहानच असते असे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बारमेर जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन कवास हे गाव पाण्याखाली गेले. जमिनीखालील जिप्समच्या थरामुळे पाणी कित्येक दिवस मुरले नाही. पाण्याच्या जुन्या वाटा विसरल्या की काय होते, हे पुण्याने २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाहिले आहे.

भामा आसखेडचे ऋण

येरवड्यासह पुण्याच्या पूर्व भागाला आज खेड तालुक्यातील भामा आसखेड धरणाचे पाणी मिळते. १ जानेवारी २०२१ रोजी या योजनेचे लोकार्पण झाले. त्यापूर्वी धरणग्रस्तांनी पुनर्वसनाच्या मागणीसाठी वारंवार काम रोखले होते. योजना रखडली म्हणून नागरिक संतापले, तर जमीन गेली आणि मोबदला मिळाला नाही म्हणून शेतकरी. दोघांचाही राग खरा होता. दोघांना समोरासमोर आणणारे व्यासपीठ मात्र कोणीच उभे केले नाही.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. त्यावर दौंड, इंदापूर भागातील शेतीचाही हक्क आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. लोहगावचा उर्वरित भाग आणि वाघोली यांचा त्यात समावेश आहे. इमारतींना परवानगी आधी, जलवाहिनी नंतर, हा क्रम येथे नेहमीचाच झाला आहे. मधल्या काळात सोसायट्यांचा आधार असतो तो टँकर आणि दिवसेंदिवस खोल जाणाऱ्या कूपनलिकांचा.

राजस्थानचा अनुभव या संदर्भात तीन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, दूरचे पाणी आले तरी जवळचे स्रोत मोडीत काढू नयेत. जोधपूरने तूरजी का झालरा ही गाळाने भरलेली बारव अलीकडच्या काळात साफ करून घेतली. अलवर जिल्ह्यात राजेंद्रसिंह यांच्या तरुण भारत संघाने गावकऱ्यांच्या साह्याने जोहड बांधून अरवरी नदी पुन्हा वाहती केली. २००१ मध्ये सिंह यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कार्यासाठी. दुसरी गोष्ट म्हणजे, पाणलोटावरील बांधकामाकडे दुर्लक्ष केले, तर रामगढ व्हायला वीस वर्षे पुरतात. लोहगाव, धानोरीच्या टेकड्यांवरून उतरणाऱ्या ओढ्यांना हा इशारा तंतोतंत लागू पडतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की पाणी देणाऱ्या गावाशी शहराचा व्यवहार उघड आणि न्याय्य असावा लागतो. पुनर्वसनाची रक्कम, वापरलेल्या पाण्याचे मोजमाप आणि शुद्ध करून नदीत वा कालव्यात परत सोडलेल्या सांडपाण्याचा हिशेब जाहीर झाला, तर सोहेला आणि बऊर यांसारखे प्रसंग टळू शकतात.

पावसाचे पाणी साठविणाऱ्या सोसायट्यांना पुणे महापालिका मालमत्ताकरात सवलत देते. ही तरतूद स्वागतार्ह असली, तरी ती ऐच्छिक पुण्यकर्म म्हणून राहून उपयोगाची नाही. दोनशे मिलिमीटरवर जैसलमेर आठशे वर्षे तगले. पुण्यात सातशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. टंचाईचे खापर आभाळावर फोडण्याची सोय येथे नाही. पुढील उन्हाळ्यात येरवड्याच्या नळाला पाणी आले नाही, तर त्याचे कारण पर्जन्यमापकात नव्हे, तर महापालिकेच्या परवानगीपत्रांत आणि खेडच्या धरणग्रस्तांना दिलेल्या आश्वासनांच्या पूर्ततेत शोधावे लागेल.