झाड कुठलं, कधीचं?

टेबलावरचं माझं रेल्वेचं मॉडेल बघून शेजारच्या काकांनी विचारलं, "स्टेशन कुठलं रे हे?"

"वीर," मी ऐटीत म्हणालो. आमच्या महाडात रेल्वे नाही. १९९३ साली कोकण रेल्वे रोह्याहून वीरपर्यंत आली, तेव्हापासून आमचं स्टेशन म्हणजे वीरच.

काका म्हणाले, "पाटी वीरची आहे, पण झाडं स्वित्झर्लंडची दिसतायत!"

लागलं हो मनाला. पण खरंच होतं ते. झाडं मी तयार आणली होती. सगळी एका उंचीची, एकाच हिरव्या रंगाची. रुळांशेजारी तांबडी माती, निळे डबे, आणि मागे देवदार!

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की मॉडेलमधलं झाड विकत आणू नये, स्वतः करावं. पैसे वाचतात हे आहेच, पण झाड करायला घेतलं की आधी झाडाकडे नीट बघावं लागतं. एरवी आपण कुठे बघतो?

कृती तशी सोपी आहे. जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारांना पीळ घालायचा. खाली खोड, वर एकेक तार मोकळी करत फांद्या. त्यावर फेविकॉल आणि लाकडाच्या बारीक भुशाचा लेप, वाळला की रंग. पानांसाठी स्पंजचे तुकडे पाणी घालून मिक्सरमधून काढायचे आणि रंगवून वाळवायचे. (मिक्सर जुना घ्यावा, घरात शांतता राहते.) पावसाळ्यात मात्र या भानगडीत पडू नये. वाळत काही नाही, भुशाला बुरशी तेवढी येते.

खरी परीक्षा पुढे आहे. माझं मॉडेल १:८७ या प्रमाणातलं. म्हणजे १५ मीटरचा आंबा १७ सेंटीमीटरचा व्हायला हवा. डबा जेमतेम साडेचार सेंटीमीटर उंच, त्यामुळे एवढं मोठं झाड लावायला हात धजत नाही. मग आपण ते निम्मं करतो आणि आंब्याचं झुडूप होतं.

आकाराचंही तेच. मी पहिला ऐन केला तो छान गोलसर, डेरेदार. मग पोलादपूरच्या वाटेवर थांबून खरे ऐन पाहिले. भाताच्या राबासाठी वर्षानुवर्षं टहाळ तोडलेले. सरळ खोड, अंगभर गाठी आणि बाजूने आखूड फुटवे. शेतकऱ्याचा कोयता झाडाच्या आकारात दिसतो. माझा ऐन देखणा होता, पण इथला नव्हता. टाकून दिला.

आणि दिवस कोणता? मॉडेलमध्ये एकच दिवस थांबलेला असतो. मी २० मार्च धरला. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. दरवर्षी त्या दिवशी महाडात माणसांची रीघ लागते. तळं माझ्या टेबलावर मावणार नाही. या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर, तळं पार गल्लीबाहेर जाईल! पण तळ्याकडे निघालेली माणसं स्टेशनावर उभी करता येतात, आणि त्यांच्या डोक्यावरचं ऊन झाडांत दाखवता येतं. पळस फुललेला, आंब्याला कैऱ्या, ऐन उघडाबोडका, डोंगर तपकिरी. केलेला हिरवा स्पंज बराचसा डब्यातच राहिला.

शेवटी अडलो महामार्गापाशी. जुन्या रस्त्याच्या कडेची मोठी झाडं मला पाठ आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्यात किती तरी झाडं गेली. ती करायची का? मोह फार झाला. १७ सेंटीमीटरचा आंबा एव्हाना छान जमायला लागला होता. पण माझं मॉडेल आजचं आहे. जी सावली उन्हातून चालणाऱ्याला आज मिळत नाही, ती टेबलावर फुकट वाटणं मला पटेना. रस्त्याची कड मोकळी ठेवली.

काका पुन्हा आले. बराच वेळ बघत राहिले. मग त्या मोकळ्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे मोठी झाडं होती ना रे?"

होती, काका.