पाहा, पण घेऊ नका!

चळवळीची जुनी वृत्तपत्रे, पत्रके, परिषदांचे वृत्तांत आता संकेतस्थळांवर दिसू लागले आहेत. हे कष्टाचे काम करणाऱ्यांचे आम्ही अभिनंदनच करतो. परंतु काही ठिकाणी प्रत्येक पानावर आडवा शिक्का, माऊसचे उजवे बटण बंद आणि प्रत उतरवून घेण्यास मनाई! चवदार तळ्याचे पाणीही आमच्या पूर्वजांना दिसत होतेच. मनाई होती ती हात लावण्याची.

कायदा काय सांगतो? लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. म्हणजे १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. (‘रिडल्स इन हिंदुइझम’ मरणोत्तर, १९८७ साली निघाले, त्याचा हिशेब वेगळा.) अशा मुक्त मजकुराची नुसती छायाप्रत काढून कोणी त्याचा मालक होत नाही. नव्या हक्कासाठी केवळ श्रम आणि पैसा पुरेसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

अत्याचारग्रस्तांच्या फिर्यादी, खासगी पत्रे यांची गोष्ट निराळी. ती संकेतस्थळावर टाकूच नयेत. बटण बंद केले तरी पडद्याचा फोटो मोबाईलवर निघतोच. या कुलपाने चोर अडत नाही. अडतो तो संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी दोन पाने छापू पाहणारा कार्यकर्ता. आणि उद्या त्या संस्थेचा संगणकच बंद पडला, तर दुसरी प्रत कोणाकडे असेल?

मुदत संपलेली कागदपत्रे तरी संस्थांनी येत्या १४ एप्रिलपूर्वी खुली करावीत.