ग्राहकाची नजर आणि बंद दार

जून २०२५ च्या प्रारंभी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईतील धारावी येथील ‘झेप्टो’च्या गोदामाचा अन्नपरवाना निलंबित केला. काही पदार्थांवर बुरशी, ओल्या जमिनीवर ठेवलेला माल, शीतपेटीच्या तपमानाकडे दुर्लक्ष आणि मुदत संपलेल्या मालाची चांगल्या मालात सरमिसळ, असे तपासणीत आढळल्याचे प्रशासनाने सांगितले. त्याच महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरील बालेवाडीत ‘ब्लिंकिट’च्या गोदामास व्यवसाय थांबविण्याचा आदेश मिळाला, तेथे तर आवश्यक तो परवानाच नव्हता, असे प्रशासनाचे म्हणणे होते. या वार्ता आता जुन्या झाल्या. त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र जुना झालेला नाही.

वाण्याच्या दुकानात आजवर पहिला तपासनीस असे तो स्वतः ग्राहक. डाळीला कीड लागली आहे काय, तेलाला वास येतो काय, पावाच्या वेष्टनावर कोणती तारीख आहे, हे तो उभ्याउभ्या पाहत असे. आणि न पटल्यास चार पावलांवरील दुसऱ्या दुकानात जात असे. कायद्याच्या हातून जे निसटे, त्यातील बरेचसे या नजरेतून सुटत नसे. वाकड, पुनावळे, मोशी येथील नव्या वसाहतींत दहा मिनिटांत दूध-भाजी घरपोच देणाऱ्या गोदामांनी सोय मोठी केली, यात शंका नाही. परंतु त्या गोदामांत ग्राहकास प्रवेश नाही. जेथे ग्राहकाची नजर पोहोचत नाही, तेथे सरकारची नजर दुप्पट जागरूक हवी, एवढे सरळ तर्कशास्त्र आहे.

कायदा दुबळा आहे, असे आम्हांस वाटत नाही. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा घेणारा २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. सुधारणेची नोटीस, परवान्याचे निलंबन, नमुन्याचे चार भाग करून परीक्षण आणि चौदा दिवसांत विश्लेषकाचा अहवाल, अशी सर्व तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने घरपोच विक्री करणाऱ्या कंपन्यांना आणखी एक सूचना दिली : माल ग्राहकाच्या हाती पडताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी किमान तीस टक्के, अथवा पंचेचाळीस दिवस, शिल्लक असावेत. उणीव आहे ती अंमलबजावणीत. धारावीची तपासणी राज्यमंत्री योगेश कदम यांच्याकडे आलेल्या माहितीवरून झाली. मंत्र्यांपर्यंत वार्ता जावी तेव्हा गोदामाचे दार उघडावे, हा मंत्र्यांच्या दक्षतेचा गौरव असेल, व्यवस्थेचा नव्हे.

हा प्रश्न केवळ सुखवस्तू गृहसंकुलांचा आहे, असेही कोणी समजू नये. चाकण, म्हाळुंगे, निघोजे येथील कारखान्यांत राबणारा परप्रांतीय कामगार पाळी सुटल्यावर रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध, पाव व फरसाण घेतो. माल त्याच्या डोळ्यांसमोर असतो, हे खरे. परंतु वेष्टनावरील बारीक इंग्रजी अक्षरे त्याला वाचता येतातच असे नाही, आणि त्या वेळी दुसरे दुकान उघडे असतेच असेही नाही. आजारपणाच्या दिवसाची मजुरी बुडणाऱ्यास शिळ्या अन्नाची किंमत सर्वांत अधिक पडते. तपासणी मोठ्या नावांपुरती राहिली आणि या दुकानांकडे वळलीच नाही, तर ती अर्धीच ठरेल.

तपासनीस वाढविले की हप्तेही वाढतात, असा आक्षेप व्यापारी घेतील. तो निराधार नाही. त्यावर उपाय तपासणी कमी करणे हा नसून ती उघड करणे हा आहे. वेल्समध्ये २०१३ पासून अन्नविक्रेत्यास स्वच्छतेची श्रेणी दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही स्वच्छतेच्या श्रेणीची योजना आहे. पण ती ऐच्छिक आहे, आणि ज्यास काही लपवावयाचे आहे तो स्वेच्छेने पुढे कसा येईल? निकाल सर्वांसमोर असला की लाच देऊन विकत घेण्यासारखे फारसे उरत नाही. प्रामाणिक दुकानदाराची तर ती फुकटची जाहिरातच होईल.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. पुणे जिल्ह्यातील प्रत्येक गोदामाच्या व दुकानाच्या तपासणीचा दिनांक, आढळलेल्या त्रुटी आणि त्यांचे झालेले निवारण प्रशासनाने मराठीतून प्रसिद्ध करावे. घरपोच विक्रेत्यांनी तोच तपशील मागणी नोंदविण्याच्या पडद्यावर दाखवावा. आणि औद्योगिक पट्ट्यातील रात्रीच्या दुकानांची तपासणी रात्रीच व्हावी. नागरिकांचेही एक कर्तव्य आहे. शुल्क भरून पदार्थाचे परीक्षण करवून घेण्याचा अधिकार कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने प्रत्येक खरेदीदारास दिला आहे. तो वापरला जात नाही, तोवर बंद दारामागे काय चालते याविषयी केवळ सरकारला दोष देऊन भागणार नाही.