एका रविवारी एक अध्याय

ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत पुरे करायचे, तर सुमारे नऊ हजार ओव्यांतल्या बाराशेंहून अधिक रोज वाचाव्या लागतात. मांडीला मांडी लावून एका सुरात चालणाऱ्या या वाचनाने गाव एकत्र बसवला आणि निरक्षरांच्याही कानी ग्रंथ घातला. त्याचे मोल मोठे आहे. पण या वेगात ओवी जिभेवरून निघून जाते, मनात मुरत नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन सांगतात. आपण मात्र श्रवणाच्या पायरीवरच समाप्तीचा प्रसाद घेऊन घरी परततो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीता सांगितली, ती दर रविवारी एक अध्याय, अशा अठरा रविवारी. साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत पोचली. ऐकणाऱ्यांना मधले सहा दिवस ऐकलेले घोळवायला मिळत. हा संथपणा घरीही जमतो. सकाळी एकच ओवी मोठ्याने वाचावी, अर्थ लागेपर्यंत पुढे जाऊ नये, आणि तिने आज आपल्याकडून काय मागितले ते स्वतःला विचारावे. रात्री हिशेब घ्यावा: राग आवरला का, कोणाचे मन राखले का? देवाशी जवळीक वाढली की नाही, हे पानांच्या संख्येवरून कळत नाही, वागण्यावरून कळते. पारायण जरूर करा. पण ग्रंथ पुन्हा कापडात गुंडाळण्याआधी त्यातली एक ओवी वर्षभरासाठी निवडून ठेवा.