गाठीची विद्या

व्यापारात काही गोष्टी गाठीशी ठेवाव्या लागतात. माल कोठून आणला, कोणत्या भावाने घेतला, कोणत्या गिऱ्हाइकाची पत किती, हे पेढीबाहेर जाऊ नये अशी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते आणि ती चुकीची नाही. परंतु सर्वच ज्ञान या एका तिजोरीत ठेवावे का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. झाडांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या वृक्षवैद्यांच्या व्यवसायाने त्याचे उत्तर मोठी किंमत मोजून मिळविले.

वृक्षचिकित्सा भारताला नवी नाही. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथात झाडांच्या रोगांचा विचार वात, पित्त व कफ यांच्या परिभाषेत केलेला आहे. आधुनिक अर्थाने हा व्यवसाय अमेरिकेत रुजविला तो जॉन डेव्ही यांनी. 1846 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांना ऐन तारुण्यापर्यंत अक्षरओळखही नव्हती. पुढे ओहायो राज्यातील केंट येथे झाडांची निगा राखता राखता जे हाती आले, ते त्यांनी 1901 मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ या पुस्तकात छापून टाकले. हातखंडा असा उघड केल्याने त्यांचा धंदा बुडाला नाही. त्यांनी स्थापिलेली कंपनी आजही चालू आहे.

त्या काळच्या कारागिरांची पद्धत दिसायला नीटनेटकी होती. फांदी खोडाशी अगदी सपाट कापावयाची, जखमेवर डांबर अथवा रंग फासावयाचा, ढोली असेल तर आतील कुजका भाग पांढरे लाकूड दिसेपर्यंत खरवडून तीत सिमेंट भरावयाचे. गिऱ्हाईक संतुष्ट होई, कारागीर समाधानाने घरी जाई. दोघेही प्रामाणिक होते. तरीही झाडे आतून पोखरत होती.

ही चूक इतकी वर्षे ध्यानात का आली नाही? कारण झाडाचा हिशेब सावकाश होतो. दुकानातील तूट दिवाळीच्या चोपडीत दिसते; चुकीच्या कापाची तूट दहा-वीस वर्षांनी, एखाद्या वादळी रात्री दिसते. तोवर कापणारा दुसऱ्या गावी गेलेला असतो. एकट्याच्या अनुभवावर शहाणे होण्याइतके आयुष्य या व्यवसायात कोणालाच लाभत नाही. म्हणूनच येथे ज्ञान वाटून घेणे हे केवळ औदार्य नसून गरज आहे.

ही गरज भागविण्यास मोठा हातभार लावला तो अ‍ॅलेक्स शिगो यांनी. 1959 पासून अमेरिकेच्या वनसेवेत असलेल्या या संशोधकाने यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून जखमेची वाट आतपर्यंत तपासली. त्यांना आढळले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. बिघडलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येत नाहीत. झाड तो भाग भिंती घालून बंद करते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढविते. या भिंती चार प्रकारच्या. खोडात वर-खाली पसरणारी कूज अडविणारी भिंत सर्वांत दुबळी, तर जखमेनंतर नव्या व जुन्या लाकडामध्ये उभी राहणारी भिंत सर्वांत बळकट. 1977 मध्ये हे विवेचन प्रसिद्ध झाले आणि जुन्या पद्धतीतील दोष उघड झाला. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, तीच तिथली संरक्षक यंत्रणा. सपाट काप तीच नष्ट करीत होता. ढोली खरवडताना बळकट भिंत फुटत होती. रंगाने कूज थांबत नव्हती.

आयुष्यभर जे काम अभिमानाने केले तेच अपायकारक होते, हे ऐकणे कोणत्याही कारागिराला जड जाते. तरीही हा व्यवसाय वळला. 1924 पासून अमेरिकेतील वृक्षतज्ज्ञ संघटित होऊन एकत्र बसत होते, अनुभव ताडून पाहत होते. शिगो यांनीही आपले निष्कर्ष प्रयोगशाळेत न ठेवता प्रत्यक्ष करवत चालविणाऱ्यांसमोर मांडले.

झाडावर चढणाऱ्याचा जीव दोरावर असतो, आणि तेथे तर गुपित ठेवणे अधिकच घातक. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी 1981 मध्ये दोरावर घट्ट बसणारी व हाताने सरकविता येणारी एक गाठ प्रसिद्ध केली. जेसन ब्लेक या अमेरिकी कारागिराला तीच गाठ स्वतंत्रपणे सापडली. 1994 मध्ये त्यांनी ती व्यवसायाच्या मासिकाला पत्र लिहून सर्वांना कळविली, आणि वृक्षारोहकांत ती ‘ब्लेक यांची गाठ’ म्हणूनच रूढ झाली. शोधाचा मान पहिल्याचा, हे खरे; पण ज्याने ती बांधवांच्या हाती दिली, त्याचे नाव गाठीला चिकटले. 1976 पासून भरणाऱ्या वृक्षारोहणाच्या स्पर्धांतही उंचावर अडकलेल्या सहकाऱ्याला सुखरूप खाली आणण्याची परीक्षा असते. प्रतिस्पर्धी एकमेकांचे कसब तेथे उघड्या डोळ्यांनी पाहतात.

व्यापारी कुटुंबांना या विद्येशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु बाजारपेठेतील झाड बहुधा दुकानाच्याच दारात असते. पाटी झाकते म्हणून त्याचा शेंडा उडविला जातो, बुंध्याभोवती फरशी घट्ट बसविली जाते, खोडात खिळे ठोकले जातात. शेंडा उडविलेल्या झाडाला जोमाने फुटवे येतात, पण त्यांची पकड वरवरची असते. काही वर्षांनी वजन वाढले की तेच मोडून खाली येतात. खाली त्या वेळी कोण उभा असेल, हे कोणाला ठाऊक?

म्हणून काम सांगताना थोडे जाणून सांगावे. जड फांदी तीन कापांत उतरवावी: खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप, म्हणजे साल फाटत नाही, उरलेला खुंट शेवटी फुगीर कडेच्या लगेच बाहेर कापावा. वर काही फासू नये. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत 1975 च्या कायद्याप्रमाणे झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीपूर्वीही नगरपालिकेत विचारणा करावी. आणि मजुराला दोर, शिरस्त्राण व पुरेसा वेळ न देता स्वस्तात काम उरकणे हा नफा नव्हे.

खरेदीचा भाव गाठीशी ठेवावा. त्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु कोणत्या यंत्राने कामगाराचे बोट गेले, कोणत्या साठवणीत आग लागली, कोणत्या मालाने गिऱ्हाइकाला बाधा झाली, हे शेजारच्या प्रतिस्पर्ध्यालाही आपण होऊन सांगावे. ती माहिती दडवून एका पेढीला जे मिळेल, त्याहून दुसऱ्या पेढीवरच्या माणसाचा जीव मोठा आहे.